ओठावरचा शिक्का

मित्रांनो, ट्रंपेट तुम्ही पाहिले असेल. ते लांबूनही नजरेत भरते. पण वाजवणारा ते तोंडाला लावतो तेव्हा त्याच्या ओठांशी जो बोटभर तुकडा असतो, त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. तो तुकडा म्हणजे मी. मला माउथपीस म्हणतात. आता मी जुना झालो आहे. जुन्या वस्तूने आपली गोष्ट सांगायची म्हणजे थोडी शेखी मिरवायची, अशी पद्धत आहे. मलाही ते जमले असते तर बरे वाटले असते. पण माझ्या गोष्टीत मिरवण्यासारखे थोडे आहे आणि मान खाली घालावी असे बरेच आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, याचीही खात्री नाही. तरी सांगतो.

माझा जन्म एका काताऱ्याच्या दुकानात झाला. लेथवर गरगर फिरणाऱ्या पितळेच्या कांडीतून त्याने मला कोरून काढले. आत छोटी वाटी, वाटीच्या तळाला बारीक भोक, मागे दांडी आणि पुढे ओठांवर टेकणारी गोल कड. काम झाल्यावर त्याने मला स्वतःच्या ओठाला लावून पाहिले आणि म्हणाला, "बोचणार नाही कोणाला." मग माझ्यावर चांदीचा मुलामा चढला. मला मात्र त्या चांदीचेच कौतुक जास्त वाटले. कातारी काय म्हणाला, ते मी पुढे किती तरी वर्षे विसरून गेलो.

माझे काम सोपे करून सांगतो. ट्रंपेट नुसते फुंकून वाजत नाही. ओठ मिटून त्यांतून हवा सोडावी लागते, म्हणजे ते थरथरतात. ती थरथर माझ्या वाटीत येते आणि नळीतून पुढे जाऊन तिचा सूर होतो. म्हणजे सूर ओठांचाच. आम्ही पितळवाले फक्त तो मोठा करतो. उंच सुरासाठी ओठ घट्ट आवळावे लागतात. ते थकले की वादक मला ओठांवर दाबतो. दाबल्यावर सूर निघतो, पण ओठातले रक्त तेवढा वेळ अडून राहते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी अजाण असल्याचा आव आणला तर तुम्हाला मला अडवता येईल.

मला घेतले ते अग्निशमन केंद्राच्या बँडमधल्या एका वादकाने. तो बंबाचा ड्रायव्हर होता आणि बँडमधला पहिला ट्रंपेटवाला. घरात त्याला बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. सराव बंबखान्यात चाले. दोन लाल बंबांच्या मधल्या जागेत खुर्च्या मांडायच्या, आणि घंटा झाली की वाद्ये खुर्चीवर टाकून धावायचे. एकदा अर्ध्या सुरातून मी असा खुर्चीवर पडलो आणि तीन तासांनी पुन्हा ओठांना लागलो तेव्हा त्या ओठांना धुराचा वास होता. बाबांनी तोच सूर पुढे पूर्ण केला. सगळे हसले. ते दिवस चांगले होते, हे नाकारता येत नाही.

त्या बँडची एक रीत होती. सराव संपला की मास्तर प्रत्येकाचा चेहरा उजेडाकडे वळवून ओठ बघत. माउथपीसचा गोल वळ ओठांवर उमटतो, त्याला ते शिक्का म्हणत. शिक्का खोल असला तर मास्तर खांद्यावर थाप देत. फिका असला तर विचारत, "वाजवत होतास की वास घेत होतास?" बाबांचा शिक्का सगळ्यांत खोल असे. मला वाटे, ही माझी सही आहे. एका माणसाच्या तोंडावर रोज सही करायला मिळते, याचा मला केवढा गर्व होता, ते आज सांगतानासुद्धा मला कसेसे होते.

मग एका नव्या पुलाच्या उद्घाटनाला बँड उभा होता. गार वारा सुटला होता. पाहुण्यांना दीड तास उशीर झाला आणि तोवर तेच संचलनगीत सात वेळा वाजले. आठव्या वेळी गाडी दिसली. शेवटचा उंच सूर घेण्यासाठी बाबांनी मला दाबले, नेहमीपेक्षा फार जास्त. वरच्या ओठाच्या आत काहीतरी टरकल्याचे मला जाणवले. जुनी चादर ओढताना फाटावी तसे. सूर मध्येच फुस्स झाला. टाळ्यांच्या आवाजात ते कोणाच्या लक्षात आले नाही. दोघांनाच ठाऊक होते, बाबांना आणि मला.

त्यांनी महिनाभर वाट पाहिली. ओठ वरून बरा दिसत होता, पण हवा एका कोपऱ्यातून गळत राहिली. डॉक्टरकडे जाणे हा साधा उपाय होता. पण बँडमध्ये एक समजूत होती. पुढचा दात पडला की ओठामागचा आधार जातो, तेव्हा वाजवणे त्यानेही सुटते. दात गेला तर माणसाचे नशीब वाईट, ओठ गेला तर माणूसच आळशी किंवा मुळात कच्चा. दात गेलेल्याला निरोपाचे भाषण मिळे. ओठ गेलेल्याबद्दल लोक पाठीमागे बोलत. मित्रांनो, यापुढचे सांगायला मला जड जाते. बाबा दातांच्या दवाखान्यात गेले आणि पुढचा वरचा दात दुखतो, रात्रंदिवस ठणकतो, असे सांगून त्यांनी एक धडधाकट दात उपटून घेतला. दंतवैद्याने दोनदा विचारले. बाबांनी दोन्ही वेळा हो म्हटले. मी त्या वेळी त्यांच्या खिशातच होतो.

निरोपाचे भाषण झाले. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर त्यांनी मला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले. दोनच वर्षांनी बाहेर काढले ते आठ वर्षांच्या मुलीसाठी.

ती त्यांची लेक. तिच्या ओठांत बाबांपेक्षाही गोड सूर होता. बाबांनी तिला मन लावून शिकवले. आणि वरचा सूर अडला की ते तिला सांगत, "दाब. थोडं आणखी दाब." ज्याने स्वतःचा ओठ दाबून घालवला, तो माणूस असे कसे सांगतो, हे मला तेव्हाही कळले नाही. पण मी तरी काय केले? मला तिचा शिक्का हवा होता. तो मी घेतला.

ती मोठी झाली, त्याच अग्निशमन केंद्रात लोकांचे फोन घ्यायच्या कामावर लागली आणि बँडमध्ये पहिली ट्रंपेटवाली झाली. मास्तर बदलले, पण उजेडाकडे चेहरा वळवून बघायची रीत तीच राहिली. केंद्राला शंभर वर्षे होणार होती. समारंभात तिला एकटीला वाजवायचे होते. तीन आठवडे उरले असताना सरावात तिने मला दाबले आणि मला तेच जाणवले. तोच आवाज, नव्हे, आवाजही नाही, नुसते टरकणे. तोच कोपरा. तीच गळणारी हवा.

तिला दुसरे काहीच नको होते, मित्रांनो. लग्नाचे विचारले की ती म्हणे, "माझं लागलंय ना पितळेशी." हे वाजवणे गेले असते तर तिच्याकडे दिवसभर दुसऱ्यांच्या आगींचे फोन तेवढे उरले असते. म्हणून ती घाबरली, आणि घाबरलेला माणूस मदत मागतो तीही आडूनआडून.

आधी तिने मास्तरांना विचारले, "मास्तर, वरचा सूर जरा निसटतोय. काय करावं?"

"शिक्का फिका झालाय तुझा," मास्तर म्हणाले. "रोज दोन तास जास्त बस."

ती बसली. ओठ आणखी सुजला. मग तिने ट्राँबोनवाल्या लंबूला विचारले. लंबू उंचीने सहा फूट आणि सल्ल्यांनी त्याहून लांब. त्याने एक मलम दिले. म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचा गुडघा याच्यानेच बरा झाला, पोरी."

"काका, मला ओठाला हवंय."

"अगं, ओठ काय नि गुडघा काय, दुमडतात ते सगळे सारखेच."

मलमाने आग झाली, बाकी काही नाही. शेवटी तिने घरी बाबांना सांगितले, तेही निम्मेच. सूर चढत नाही, एवढेच. बाबा बराच वेळ तिच्या ओठाकडे बघत राहिले. मला वाटले, आता बोलतील. ते म्हणाले, "माउथपीस जुना झालाय. कड जाड आहे. थोडी बारीक करून घेऊ, सूर वर चढेल."

मला एका दुसऱ्या काताऱ्याकडे नेले. पहिल्याने ठेवलेली गोलाई या दुसऱ्याने एका दुपारी छिलून टाकली. चांदी गेली, खालचे पितळ उघडे पडले आणि मी धारदार झालो. दुसऱ्या दिवशी तिच्या दुखऱ्या ओठावर मी त्याच धारेने बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आले. तरी ती वाजवत राहिली. आपण सुरी झालो आहोत, हे मला समजत होते.

चौथा माणूस बाजारातल्या एका जिन्यावर भेटला. पाटी होती, 'वादकांचे ओठ, घसा व बोटे यांवर खात्रीचा इलाज'. भिंतीवर त्याचे फोटो होते, वाद्ये घेतलेल्या हसऱ्या लोकांबरोबर. त्याने तिचा ओठ दुरूनच पाहिला आणि म्हणाला, "आठ दिवस. नवव्या दिवशी माझं नाव घेऊन वाजवाल." त्याने एक गरम लेप लावला. ती पिशवीतून ट्रंपेट काढू लागताच तो म्हणाला, "त्याची गरज नाही, मला सगळं कळलंय." आठ दिवसांत तिला चमच्याने पाणी पिण्याची वेळ आली. समारंभ दुसऱ्या ट्रंपेटवाल्याने वाजवला. ती फोनजवळ बसून ऐकत होती.

त्यानंतर ती सरकारी रुग्णालयात गेली, चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे. ट्रंपेट घरी राहिले होते आणि मी तेवढा पिशवीत होतो, त्यामुळे मला नुसते ऐकू आले. डॉक्टरबाईंनी तिचा ओठ अंगठा आणि बोटात धरून हळूहळू चाचपला असावा, कारण बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "मी असा ओठ आधी पाहिलेला नाही. आत खाच लागतेय हाताला, पण नक्की काय झालंय ते मला माहीत नाही. पुढच्या सोमवारी वाद्य घेऊन या. वाजवताना बघितल्याशिवाय मला कसं कळणार? तोवर वाजवू नका."

ती घरी येऊन आईजवळ रडली. आई मटार सोलत होती.

"तिला काही येत नाही गं. स्वतःच म्हणाली, माहीत नाही."

आईने शेंगा सोलणे थांबवले नाही. "आजवर किती जणांकडे गेलीस?"

"चार."

"चौघांनाही सगळं येत होतं. त्यातून तुझं तोंड असं झालंय. ही पहिली भेटली जिला काही येत नाही. हिलाच धर."

सोमवारी मला त्या खोलीत पहिल्यांदा उजेड दिसला. डॉक्टरबाई गुडघे टेकून तिच्या बाजूला बसल्या आणि छोट्या दिव्याने ओठाची कड बघू लागल्या. एकच सूर चार वेळा वाजवायला लावला. दारातून वॉर्डबॉय डोकावला. "बाई, पेशंट म्हणतायत, दुसरं काहीतरी लावा."

"त्यांना सांगा, हिला अजून पहिलंच येत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि इतक्या आठवड्यांत तिला पहिल्यांदा हसू आले.

मग त्यांनी मला हातात घेतले, कडेवरून अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला. "ही कड अशीच असते?"

"नाही. बारीक करून घेतली. बाबा म्हणाले."

त्यांनी मला अलगद टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "दुसऱ्या शहरात एक वयस्कर डॉक्टर आहेत. ते फुंकून वाजवणाऱ्यांचेच ओठ बघतात. मी त्यांना लिहिलं होतं. ओठाचा स्नायू आत फाटला असावा, असं त्यांना वाटतं. मलाही आता तसंच वाटतंय. पण टाका घालायचा की नुसती विश्रांती द्यायची, हे ठरवायला असा ओठ पुढे वर्षानुवर्षं कसा होत जातो ते कळायला हवं. तुमच्या बँडमध्ये, घरात, कोणाला असं झालं होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "बाबांचा तर दात गेला होता."

संध्याकाळी तिने हे सगळे जेवताना सांगितले. मला टेबलावर ठेवले होते. बाबांचा घास हातातच राहिला. तिने पुन्हा म्हटले, "तसं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं."

आई शांतपणे म्हणाली, "दात मी पाहिला होता."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुमच्या शर्टाच्या खिशात कागदात होता. धुवायला घेतला तेव्हा सापडला. मुळासकट, शुभ्र, कीड नावाला नाही. तेव्हापासून मी गप्प आहे, कारण तुम्ही गप्प होता. आता पोरीच्या तोंडाशी आलंय. बोलताय, की मी बोलू?"

बाबांनी सांगितले. पूल, गार वारा, आठवी वेळ. ते कोणाकडेही न बघता बोलत होते. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला नजर चुकवता आली असती तर मी चुकवली असती.

लेकीने एवढेच विचारले, "मग कड बारीक करायला का सांगितलंत? तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. भीती होती," बाबा म्हणाले. "कड बारीक केल्यावर तुझा सूर लागला असता, तर दोष माउथपीसचा ठरला असता. तुझं माझ्यासारखं झालेलं नसतं. मला ते तसं व्हायला हवं होतं गं."

ती उठून आत गेली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा कपडे करून दाराशी उभे होते. "मीही येतो," ते म्हणाले. ती म्हणाली, "या." तेवढेच.

डॉक्टरबाईंनी त्यांचा ओठ चाचपला. तीच खाच, पण कडक झालेली, एकतीस वर्षांची. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचे उत्तर बाबांनी दिले, न दुखणाऱ्या दाताचेसुद्धा. डॉक्टरबाई सगळे लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं आता काही करता येणार नाही, आजोबा. पण तुमच्यामुळे हिचं काय करायचं ते मला कळलं. थांबलो तर हिचा ओठ असाच होईल." मग तोलूनमापून त्यांनी हेही सांगितले, की टाका घातल्यावर पहिल्यासारखे वाजेलच, असे वचन त्या देणार नाहीत.

दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी टाके घातले. दहा महिने लेकीने ट्रंपेटला हात लावला नाही. मग एक खालचा सूर, मोजून दहा श्वास. आज ती बँडमध्ये दुसरी ट्रंपेटवाली आहे. फार वरचे सूर ती घेत नाही. ते आपले नाहीत, असे ती म्हणते, आणि म्हणताना तिचा चेहरा उतरत नाही असे नाही. तिच्याकडे आता नवा, जाड, गोल कडेचा माउथपीस आहे. तो बरा आहे. त्याला तिच्या ओठावर खूण करण्याची हौस नाही.

टाके घातल्यानंतरच्या आठवड्यात बाबा बंबखान्यात गेले. सराव संपून मास्तर ओठ बघायला उठत होते. बाबा खुर्च्यांच्या मध्ये उभे राहिले. "माझा दात चांगला होता," ते म्हणाले. मग बाकीचे सांगितले. मास्तरांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "चला, तिसरं पान." सराव तर संपला होता. तरी सगळ्यांनी वाद्ये उचलली. बाबा तसेच परत आले. घरी येईपर्यंत ते मला खिशात चाचपत होते आणि मला वाटत होते, व्यर्थ गेले सगळे.

पुढच्या सोमवारी लेकीला दाखवायला नेले, तेव्हा डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन माणसे दोन टोकांना बसलेली होती. एकाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले होते, पण पाय इतके लांब होते की ओळख लपत नव्हती. दुसऱ्या टोकाला मास्तर होते. दोघे एकमेकांना ओळखत नसल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत होते.

लंबूने वर्तमानपत्र थोडे खाली केले. "दादा, मी डोळे दाखवायला आलोय."

"डोळ्यांचं वरच्या मजल्यावर," बाबा म्हणाले. "इथे ओठांची रांग आहे. सरक."

लंबू सरकला. थोड्या वेळाने, अंग चोरत, मास्तरही सरकले.

मित्रांनो, मी आता डॉक्टरबाईंच्या टेबलावर असतो. कोणी वादक आला की त्या माझी कड त्याच्या अंगठ्याला लावतात आणि म्हणतात, "असं काही करून घेतलं आहेत का?" दिवसातून दोनतीनदा माझी अशी लाज निघते. ती निघायलाच हवी. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. शरीराचा एखादा भाग कामात दुखू लागला, तर ते लपवू नका, आणि ज्याला बघण्याआधीच सगळे कळते त्याच्याकडे जाऊ नका. तुम्ही करता ते काम जो बसून बघेल आणि कळले नाही तर तसे म्हणेल, त्याला शोधा. तो लगेच सापडत नाही. पण सापडला की पहिल्याच भेटीत त्याला खरे सांगा. बाबांना ते सांगायला एकतीस वर्षे लागली.